दातेरी पट्टा आणि तेलाची गळती

समजा, पावसाळ्याच्या अखेरीस एक कुटुंब गोव्याहून बेळगावकडे परतत आहे. साखळी, केरी मागे पडले आहे आणि गाडी चोर्ला घाट चढत आहे. गाडी पंधरा वर्षांची, परंतु वरून स्वच्छ. हॉर्न, दिवे, ब्रेक सारे ठाकठीक. एका वळणावर इंजिनाचा आवाज अकस्मात थांबतो. धक्का नाही, धूर नाही, केवळ शांतता. चालक किल्ली फिरवून पाहतो. इंजिन नेहमीपेक्षा हलके आणि भरभर फिरते, पण सुरू काही होत नाही. सुकाणू जड झालेले असते आणि दोनतीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा कठीण लागतो. मागून मालाचा ट्रक येत असतो आणि गाडीत मुले झोपलेली असतात.

या प्रसंगाचे मूळ शोधू गेल्यास ते बोटभर रुंदीच्या एका रबरी पट्ट्यापाशी सापडते. त्याचेही मूळ शोधले, तर पुष्कळदा ते अंगठीएवढ्या किंवा बांगडीएवढ्या एका रबरी कड्यापाशी जाऊन थांबते. पट्ट्याचे नाव टायमिंग बेल्ट. कड्याचे नाव ऑइल सील. या दोन वस्तूंचे कार्य काय, त्या निकामी कशा होतात, आणि त्या घरच्या घरी, अंगणात वा पडवीत, बदलता येतात काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम इंजिनाच्या अंतरंगात डोकावू. १८७६ साली जर्मनीत निकोलाउस ओटो याने जे चार धावांचे इंजिन यशस्वी करून दाखवले, त्याच तत्त्वावर आजही पेट्रोलच्या गाड्या चालतात. पिस्टन सिलिंडरात खालीवर धावतो. पहिल्या धावेत हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत घेतले जाते. दुसरीत ते दाबले जाते. तिसरीत ठिणगीने पेटून ते पिस्टनला खाली ढकलते. आणि चौथीत जळालेला वायू बाहेर फेकला जातो. पिस्टनांना जोडलेला खालचा दांडा तो क्रँकशाफ्ट. आत येण्याची व बाहेर जाण्याची दारे म्हणजे झडपा, अर्थात मिस्त्री ज्यांना व्हॉल्व्ह म्हणतात त्या. या झडपा उघडण्याचे काम वरचा दांडा करतो, तो कॅमशाफ्ट. त्या मिटतात मात्र आपापल्या स्प्रिंगांच्या बळाने.

चार धावा पुऱ्या होईपर्यंत खालचा दांडा दोनदा फिरतो. पण प्रत्येक झडप त्या अवधीत एकदाच उघडावयाची असते. म्हणून वरचा दांडा खालच्याच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरला पाहिजे. निम्म्या वेगाने म्हणजे अदमासे निम्म्या नव्हे, तर काटेकोर निम्म्या. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर वरचा दांडा १,५०० फेरे घेतो आणि प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते व मिटते. दिंडीत टाळ आणि मृदंग यांचा मेळ एका मात्रेनेही चुकू नये, तसाच हा मेळ आहे. फरक इतकाच की टाळ चुकला तर भजन बिघडते; येथे लोखंड लोखंडावर आदळते.

हा मेळ राखण्याचे काम पूर्वी लोखंडी साखळी किंवा दंतचक्रे करीत. आपल्या रस्त्यांवर अनेक वर्षे धावलेल्या अँबॅसडर आणि पद्मिनी या गाड्यांत साखळीच होती. दातेरी रबरी पट्टा मुळात मोटारीसाठी जन्मला नव्हता. १९४० च्या दशकात अमेरिकेत शिलाई यंत्राची सुई आणि बॉबिन यांचा मेळ राखण्यासाठी तो घडवला गेला. पुढे १९६२ साली बव्हेरियातील ग्लास या कारखान्याने आपल्या १००४ या गाडीत तो बसवला. मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारीत तो प्रथम आला तो तेव्हा. पट्टा हलका, स्वस्त व नि:शब्द असतो आणि त्याला वंगण लागत नाही. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० च्या तीन सिलिंडरांच्या ७९६ घनसेंटिमीटर इंजिनात हाच पट्टा होता. १९९३ साली आलेल्या झेनमध्येही तोच होता. पुढे अनेक कारखाने पुन्हा साखळीकडे वळले. तेव्हा आपल्या गाडीत पट्टा आहे की साखळी, हे आधी गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

साखळीचा शेवट जवळ आला की ती खडखडाट करून आगाऊ वर्दी देते. पट्टा बहुधा तसे करीत नाही. त्याच्या रबराच्या पोटात काचतंतूंच्या बारीक दोऱ्या असतात. ताण त्या सोसतात. गाडी सरासरी ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आणि इंजिनाचे सरासरी २,००० फेरे धरले, तर एक लाख किलोमीटरच्या प्रवासात खालचा दांडा तीस कोटी फेरे घेतो. इतक्या वेळा वाकून सरळ झालेले रबर थकणारच. शिवाय उष्णतेने व वयाने ते कडक होते. म्हणून पट्ट्याला किलोमीटरांची मर्यादा असते तशी वर्षांचीही असते. अनेक गाड्यांत ही मर्यादा ६०,००० ते १,००,००० किलोमीटरच्या दरम्यान असते. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा आणि दोहोंपैकी जी मर्यादा आधी येईल ती पाळावी. वर्षातून केवळ दिवाळीत आणि लग्नसराईत बाहेर निघणाऱ्या गाडीचा पट्टाही म्हातारा होतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

पट्टा तुटला की वरचा दांडा थांबतो. ज्या झडपा त्या क्षणी उघड्या असतील त्या उघड्याच राहतात. खालचा दांडा मात्र वेगाच्या ओघात आणखी काही फेरे घेतो. काही इंजिनांत पिस्टन अगदी वर आला तरी उघडी झडप आणि तो यांच्यामध्ये अंतर उरते. अशा इंजिनात नवा पट्टा घातला की काम भागते. परंतु दुसऱ्या प्रकारच्या इंजिनांत पिस्टन त्या झडपांवर आदळतो. झडपा वाकतात, कधी पिस्टनही फुटतो, आणि जेथे एका पट्ट्याचा खर्च होता तेथे इंजिनाचे डोके उतरवण्याचा खर्च येतो. आपले इंजिन कोणत्या प्रकारचे आहे याची खात्री नसेल, तर ते दुसऱ्या प्रकारचे आहे असे समजूनच वागावे.

आता ऑइल सीलकडे वळू. वरचा व खालचा असे दोन्ही दांडे तेलात न्हालेले असतात. पण पट्ट्याची चाके बसवण्यासाठी त्यांचे एक टोक इंजिनाबाहेर काढावे लागते. फिरता दांडा बाहेर यावा, परंतु तेल बाहेर येऊ नये, ही अडचण सोडवणारे कडे म्हणजे ऑइल सील. त्याच्या आतल्या बाजूस रबराचा एक नाजूक ओठ असतो. एक इवलीशी वर्तुळाकार स्प्रिंग त्या ओठाला दांड्यावर हलकेच दाबून धरते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ओठ ताठर झाला की त्याची पकड सुटते आणि तेल झिरपू लागते. प्रारंभी केवळ ओल दिसते, तीवर धूळ बसते, मग काळा चिखल होतो आणि शेवटी सकाळी गाडीखाली थेंब दिसू लागतात.

पुष्कळ लोक या थेंबांचा हिशेब तेलाच्या किमतीत करतात. "महिन्याला पाव लिटर तेल जाते, तेवढे घालू," असे म्हणून ते स्वस्थ बसतात. खरी हानी तेलाची नसते. ते तेल पट्ट्यावर उडते. नेहमीच्या कोरड्या पट्ट्याचे रबर तेल पिऊन फुगते, मऊ पडते, त्याचे दात सैल होतात आणि मर्यादेच्या कितीतरी आधी पट्टा तुटतो किंवा चाकावरून उडी मारतो. काही नव्या इंजिनांत तेलातच फिरणारे पट्टे असतात. त्यांचे रबर निराळे असते आणि त्यांची गोष्टही निराळी. येथे विचार चालला आहे तो कोरड्या पट्ट्याचा. अशा पट्ट्यावर तेल आढळले, तर तो पुसून पुन्हा वापरू नये, बदलावाच. आणि गळणारे सील तसेच ठेवून नवा पट्टा घालणे म्हणजे छप्पर गळत असता नवी गादी अंथरण्यासारखे आहे.

मात्र सील बदलण्यापूर्वी तेल खरोखर तेथूनच येते ना, हे ठरवावे. तेल उतारावरून वाहते आणि वाऱ्याने मागे उडते. इंजिनावरच्या झाकणाची गॅस्केट गळत असली तरी तेल खाली ओघळून सीलच गळत असल्याचा आभास होतो. म्हणून इंजिन स्वच्छ पुसावे, चारसहा दिवस गाडी चालवावी आणि मग ओलाव्याचे सर्वांत वरचे टोक शोधावे. गळतीचे उगमस्थान तेथे असते. इंजिनाच्या पोटातील वाफा बाहेर नेणारी नळी व तिची झडप चोंदलेली नाही, हेही पाहावे. ती चोंदली तर आत दाब साठतो आणि नवे सीलही काही महिन्यांत गळू लागते.

हे काम घरी करावे काय? याचे उत्तर गाडीवर आणि माणसावर अवलंबून आहे. ज्या इंजिनांत दांडे जखडून ठेवण्यासाठी खास हत्यारे लागतात, किंवा ज्या डिझेल इंजिनांत इंधनाचा पंपही याच पट्ट्यावर चालतो, तेथे नवख्याने हात घालू नये. गिअरबॉक्सच्या बाजूचे मागचे सील बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो; तेही घरचे काम नव्हे. परंतु साध्या, एका कॅमशाफ्टच्या पेट्रोल इंजिनाचा पट्टा आणि त्या अंगाची दोन सीले, ज्याने यापूर्वी ब्रेक, प्लग, पंख्याचा पट्टा अशी कामे स्वतः केली आहेत त्याला, एका सबंध दिवसात बदलता येतात. घाई असेल, दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवासाला निघावयाचे असेल, तर हे काम हाती घेऊ नये. अर्धवट उमजलेले काम घाईने पुरे केल्यास इंजिन सुरू करण्याच्या पहिल्याच क्षणी त्याची शिक्षा मिळते.

तयारी अशी असावी. गाडीच्या नेमक्या बनावटीची दुरुस्ती-पुस्तिका, नवा पट्टा, पट्टा ताणून धरणारे चाक, म्हणजे टेन्शनर, वरच्या व खालच्या दांड्याचे सील, आणि पाण्याचा पंप याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही. टेन्शनरची बेअरिंग जुनी ठेवून नवा पट्टा घातला आणि ती बेअरिंग अडकली, तर नवा पट्टाही जातो. म्हणून दोन्ही एकदमच बदलण्याची रीत आहे. सुटे भाग विश्वासाच्या दुकानातून घ्यावेत, कारण नकली मालाचा सुळसुळाट आहे. बोल्ट नेमक्या जोराने आवळण्यासाठी टॉर्क पाना अवश्य हवा. विकत घेणे परवडत नसेल तर उसना आणावा. हाताच्या अंदाजाने आवळलेला बोल्ट सैल राहिला तर सुटतो आणि अति आवळला तर तुटतो.

जागा सपाट व कोरडी असावी, इंजिन पूर्ण थंड असावे. हँडब्रेक लावून मागच्या चाकांना दोन्हीकडून अडणी लावावीत आणि बॅटरीची ऋण तार सोडावी. लहान गाड्यांत इंजिन बहुधा आडवे बसवलेले असते. त्याच्या एका टोकाला गिअरबॉक्स आणि दुसऱ्या टोकाला पट्टा. पट्ट्याच्या बाजूचे पुढचे चाक उचलून काढावे लागते. येथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्याजोगी आहे: जॅक हा उचलण्यासाठी आहे, तोलून धरण्यासाठी नव्हे. गाडी भक्कम लोखंडी स्टँडवर टेकवल्यावाचून कोणीही तिच्याखाली हात वा डोके घालू नये. विटांची रास ही स्टँडची जागा घेऊ शकत नाही. भाराखाली वीट अचानक फुटते. तसेच मोबाइलने प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेत जावे आणि काढलेले बोल्ट क्रमाने वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावेत.

खालच्या दांड्याच्या टोकाचा मोठा बोल्ट फार घट्ट असतो. केवळ पट्टा बदलण्यासाठी तो काढावा लागतोच असे नाही. काही इंजिनांत बाहेरची पुली लहान बोल्टांनी वेगळी होते. पण सील बदलण्यासाठी तो काढणे भाग असते. गाडी सर्वांत वरच्या गिअरमध्ये घालून एकाने ब्रेक दाबून धरावा आणि दुसऱ्याने लांब दांड्याच्या पान्याने तो सैल करावा. पाना बोल्टवर अडकवून स्टार्टरच्या झटक्याने तो सोडवण्याची युक्ती काही जण सांगतात. तिने मनगटे मोडली आहेत आणि पत्रेही फुटले आहेत. ती करू नये. बोल्ट एकदा ढिला झाला की पुन्हा हलका आवळून ठेवावा आणि गाडी न्यूट्रलमध्ये आणावी.

आता या कामाचा गाभा. स्पार्क प्लग काढावेत, म्हणजे आतला दाब जाऊन इंजिन हाताने सहज फिरते. बाहेरचे पट्टे, पुली आणि प्लास्टिकची झाकणे काढावीत. काही गाड्यांत इंजिनाचा एक आधार पट्ट्याच्या वाटेत येतो. तो सोडण्यापूर्वी तेलाच्या टाकीखाली लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिन अलगद तोलावे लागते. मग मोठ्या बोल्टला पाना लावून, इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने, ते सावकाश फिरवावे. वरच्या चाकावर एक खूण असते आणि तिच्या समोर इंजिनाच्या अंगावर दुसरी. खालच्या चाकाचेही तसेच. दोन्ही जोड्या एकाच वेळी समोरासमोर आल्या की थांबावे. खालची खूण जुळली पण वरची उलट बाजूला असेल, तर आणखी एक पूर्ण फेरा द्यावा. वरचा दांडा निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून असे घडते. खुणा अंधुक असतील तर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यावा. या चार खुणा म्हणजे या साऱ्या कामाचे होकायंत्र आहे.

त्यानंतर टेन्शनर सैल करून जुना पट्टा काढावा आणि नव्याशेजारी ठेवून दात मोजावेत. रुंदी वा दातांची संख्या जुळत नसेल तर काम तेथेच थांबवावे. पट्टा नसताना कोणताही दांडा उगाच फिरवू नये. झडपा व पिस्टन यांची गाठ हातानेही पडू शकते. स्प्रिंगांच्या दाबाने वरचे चाक कधी आपोआप थोडे सरकते. घाबरण्याचे कारण नाही, पण ते सरकले हे ध्यानात ठेवावे.

वरचे चाक काढताना ते त्याच्याच आऱ्यांत दांडी घालून रोखावे. पट्ट्याच्या जोरावर रोखू नये. चाक आणि दांडा यांच्यामध्ये लोखंडाची एक छोटी चावी बसवलेली असते. ती तेलकट असते, हातून निसटते आणि चिऱ्यांच्या फटीत जाते. म्हणून ती आधी काढून वाटीत ठेवावी. जुने सील उपसताना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळावी. सील टाकाऊ आहे, त्याला कितीही जखमा झाल्या तरी चालेल. परंतु दांड्याच्या गुळगुळीत अंगावर केसाएवढा ओरखडा पडला, तरी नवे सील पहिल्या दिवसापासून गळेल. घर कपड्याने पुसावे, दांड्यावर बोट फिरवून पाहावे. जुन्या ओठाने तेथे बारीक चर पाडलेली असेल आणि घरात जागा असेल, तर नवे सील किंचित निराळ्या खोलीवर बसवतात, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर टेकतो.

नव्या सीलची स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे ठेवावी. ओठाला स्वच्छ इंजिन-तेल लावावे. कोरडा ओठ पहिल्या मिनिटातच जळतो. चावीच्या खाचेची धारदार कड ओठ कापू नये म्हणून तीवर पातळ चिकटपट्टी लावावी आणि सील पुढे सरकल्यावर काढून घ्यावी. सीलच्याच व्यासाचा नळीचा तुकडा वा मोठा सॉकेट त्यावर सर्व बाजूंनी सारखा टेकवून हलक्या हातोडीने ठोकावे. एका बाजूने ठोकल्यास ते तिरके जाते; तिरके गेलेले सील सरळ करण्याचा खटाटोप न करता नवे घ्यावे.

चाके जागेवर बसवून बोल्ट सांगितलेल्या टॉर्कने आवळले, खुणा पुन्हा जुळवल्या, की नवा पट्टा घ्यावा. त्याला चुरगळू नये, उलटा करू नये, बोटाभोवती गुंडाळू नये. आतले काचतंतू मोडतात आणि वरून काही दिसत नाही. पट्ट्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवावा. खालच्या चाकापासून प्रारंभ करून, टेन्शनर नसलेल्या बाजूने तो ताठ ठेवीत वरच्या चाकावर न्यावा. सगळा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला यावा. स्क्रू ड्रायव्हरने रेटून तो बसवू नये. मग पुस्तिकेप्रमाणे ताण द्यावा.

आता धीर धरून परीक्षा करावयाची. मोठ्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. वाटेत काही कठीण लागले, तर जोर करू नये. ते बहुधा पिस्टनने झडपेला केलेले दार-ठोठावणे असते. मागे जाऊन चूक शोधावी. दोन फेऱ्यांनंतर चारही खुणा पुन्हा समोरासमोर आल्या पाहिजेत. एका दाताचा फरकही क्षुल्लक मानू नये. खालच्या चाकाला २० दात असतील, तर एक दात चुकणे म्हणजे खालच्या दांड्याचे १८ अंश चुकणे होय. तेवढ्याने गाडी ओढ धरत नाही, जास्त पेट्रोल पिते, आणि काही इंजिनांत झडपांशी गाठही पडते. ताण पुन्हा तपासावा, हवा तर पुन्हा दोन फेरे द्यावेत. हे फेरे फुकट असतात. स्टार्टरने दिलेला चुकीचा एक फेरा महाग पडतो.

खुणा जुळल्या, की उलट्या क्रमाने सारे बसवावे. खालचा मोठा बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळावा. अनेक कारखाने तो बोल्ट नवा वापरावयास सांगतात. पाण्याचा पंप काढला असल्यास कूलंट भरून त्यातील हवा काढावी. चाक बसवून त्याचे बोल्ट तपासावेत, कोणी आजूबाजूला नाही हे पाहावे आणि मग इंजिन सुरू करावे. पहिले मिनिट केवळ कान द्यावा. खसखस, शिटी वा टकटक ऐकू आली तर ताबडतोब बंद करावे. सर्व ठीक असेल तर इंजिन तापू द्यावे, विजेरीच्या प्रकाशात सीलची जागा पाहावी, आणि आठवड्याने पुन्हा एकदा पाहावी.

काढलेले जुने तेल व कूलंट गटारात वा झाडाच्या मुळाशी ओतू नये. कूलंट चवीला गोड व विषारी असते. अंगणातील कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मरतात, लहान मुलांनाही ते तितकेच घातक आहे. ते झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवर द्यावे. शेवटी एका चिठ्ठीवर तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहून ती बॉनेटच्या आतल्या अंगाला चिकटवावी. गाडी उद्या मुलाकडे जाईल किंवा विकली जाईल. पट्टा केव्हा बदलला हे सांगणारे दुसरे कोणी त्या वेळी जवळ असेलच असे नाही. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही हीच चिठ्ठी आधी शोधावी, आणि ती नसेल तर पट्टा बदललाच नाही असे धरून चालावे.

हे सर्व वाचून एखाद्याला वाटेल, की हे आपल्या हातचे काम नव्हे. तसे वाटणे हाही शहाणपणाच आहे. त्याने ते जाणत्या मिस्त्रीकडे न्यावे. परंतु तेथे जाताना काय विचारावयाचे हे त्याला आता ठाऊक असेल. सीले बदलली काय, टेन्शनर नवा घातला काय, हाताने दोन फेरे देऊन खुणा पाहिल्या काय, हे तीन प्रश्न त्याने विचारावेत. प्रामाणिक मिस्त्रीला अशा प्रश्नांचा राग येत नाही. उलट त्याच्या कामाची कदर करणारा मनुष्य भेटला म्हणून त्याला आनंदच होतो.

घाटातील त्या कुटुंबाची गाडी एका दिवसात बंद पडलेली नसते. कित्येक महिने दर सकाळी अंगणातल्या फरशीवर एक काळा थेंब पडत असतो, आणि केर काढताना कोणीतरी तो पुसून टाकीत असते. तो पुसण्याआधी एकदा वाकून गाडीखाली पाहिले असते, तर गाडी घाटात थांबली नसती आणि मुले घरी आपल्या अंथरुणात झोपली असती.